पंचनाम्याच्या डॉक्टरीणबाई

शेवटचा टाका घालून दोरा कापला, की डॉक्टरीणबाई हात धुता धुता विचारीत, "जखम पाहिली. आता जागा कधी दाखवता?" नवख्या रोग्याला या प्रश्नाचा अर्थ लागत नसे. जुना रोगी मात्र निमूटपणे घराची खूण सांगे, कारण बाई खरोखरच येणार हे त्याला ठाऊक असे. ज्या पायरीवरून तो घसरला ती पायरी त्या पाहत, ज्या विळीने बोट कापले ती विळी एरवी कुठे ठेवलेली असते ते विचारीत, आणि घरच्यांना अपघात घडला त्या वेळी जसे उभे होते तसे उभे करीत. रत्नागिरीच्या रिक्षावाल्यांनी त्यांचे नाव 'पंचनामेवाल्या बाई' असे ठेवले होते. ते कानावर आले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव बरोबर आहे. फक्त पोलीस पंचनाम्यात गुन्हेगार शोधतात, मी कारण शोधते."

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. त्या वेळी मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवीत असे आणि मासळीबाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या दवाखान्याच्या माडीवर भाड्याने राहत असे. रविवारी दुपारी खालून हाक येई, "मास्तरीणबाई, चप्पल घाला." की मी समजावे, आज पंचनामा आहे. मला बरोबर नेण्याचे कारण सरळ होते. आसपासच्या गावांतल्या मुली माझ्या वर्गात होत्या, त्यामुळे कुठल्याही वाडीत मला वाट सापडे आणि माझ्यामागून डॉक्टरांना घरात शिरता येई. त्यांच्या यजमानांची एक जुनी मोटार होती. बाई ती स्वतः चालवीत, आणि चढावर ती दमली की तिच्याशी रोग्याशी बोलावे तसे बोलत.

त्यांच्या खोलीत येणाऱ्या जखमांवरून बाहेर कोणता ऋतू चालू आहे हे ओळखता येई. आंब्याच्या दिवसांत झाडावरून पडलेले येत. काजू भाजण्याच्या सुमारास टरफलातले तेल उडून हात पोळलेल्या बायका येत. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले की मनगटे मोडत. मनगटेच, कारण पडणारा माणूस आधी हात टेकतो. गणपतीत नारळ खवताना कापलेली बोटे. आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली की शिंगाळा माशाचा विषारी काटा हातात घुसलेले खलाशी, जे एरवी समुद्राला भीत नसत पण बाईंच्या सुईला भीत. अशा खलाशाचा हात बाई आधी सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायला लावीत आणि म्हणत, "वेदना उतरेपर्यंत तुमच्या नावेवरच्या तांडेलाच्या तक्रारी सांगा." गरम पाण्याने त्या विषाचा जोर ओसरतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, ते प्रत्यक्ष ओसरताना मी त्यांच्या दवाखान्यात पाहिले.

घरगुती उपायांवर त्यांचा राग होता, पण त्यालाही विनोदाची किनार असे. जखमेत चहाची पूड, चुना, कोळ्याचे जाळे, काय काय भरून लोक येत. एकदा आमच्याच शाळेतल्या एका मुलीचा हात प्रयोगशाळेत भाजला आणि आमच्या मुख्याध्यापिकांनी त्यावर तत्परतेने निळी शाई ओतली. बाईंनी तो हात उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारले, "यावर निबंध लिहायचा होता का?" मग त्यांनी तो हात बराच वेळ साध्या थंड पाण्याखाली धरला आणि वाट पाहत बसलेल्या सगळ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तिला भाजल्यावर काय करावे ते सांगितले. त्यांचा आवाज मुळातच मोठा होता. एका कानाने त्यांना कमी ऐकू येई, हे त्याचे कारण. बाहेरच्या बाकड्यावरच्या लोकांना वाटे, आत कोणाला तरी रागे भरताहेत.

घरी गेल्यावर मात्र त्या कोणालाच रागे भरत नसत. एका आजोबांचे खुब्याचे हाड विहिरीवरून परतताना मोडले होते. मुलगा म्हणाला, यांना पाणी आणायला सांगितले होते कोणी, म्हातारपणी नसती हौस. बाईंनी त्याचे बोलणे पुरे होऊ दिले आणि मग त्यालाच भरलेली कळशी घेऊन त्या वाटेने चालायला लावले. तिसऱ्या दगडाशी त्याचा तोल गेला. बाई म्हणाल्या, "म्हातारपण नाही, दगड. तो काढा." दगड निघेपर्यंत त्या विहिरीच्या काठावर बसून होत्या. परतताना मला म्हणाल्या, "माणसाच्या सवयीला टाके घालता येत नाहीत हो. जागेला घालता येतात."

त्यांची खरी पारख मात्र मला लांज्याच्या अलीकडच्या एका गावात झाली.

सुमन नावाची एक तरुण सून एके दुपारी तिच्या अडीच वर्षांच्या मुलाला, दिनूला, घेऊन एका मालट्रकमधून दवाखान्यात पोचली. पोर खोकत होते आणि त्याच्या तोंडाला रॉकेलचा वास येत होता. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, उलटी करवलीस का? ती नाही म्हणाली. "बरं केलंस," एवढे बोलून बाई कामाला लागल्या. मुलाला ताप चढला, श्वास भरभर चालू लागला, प्राणवायूचे नळकांडे लावावे लागले. सुमन त्याच्या उशाशी बसून राहिली. तो हळूहळू सावरला. पण तोवर सुमनचे स्वतःचे घर तिच्या हातून सुटत चालले होते.

झाले होते ते असे. दिनूने रॉकेल प्यायल्याचे कळताच सासू मिठाचे पाणी घेऊन धावली होती. रॉकेल उलटून पडावे, एवढाच तिचा हेतू. सुमनने ती वाटी हाताने उडवली, पोर उचलले आणि हमरस्त्याकडे धाव घेतली. शेजाऱ्यांनी हे पाहिले. सुनेने सासूवर हात टाकला आणि मरणाऱ्या पोराला उपाय करू दिला नाही, अशी वार्ता वाडीभर झाली. मुंबईत कारखान्यात कामाला असलेला तिचा नवरा शांताराम निरोप मिळताच एस्टीने आला, तो सगळे ठरवूनच. मुलगा बरा झाला की तो आजीपाशी राहील, आणि सुमन मालगुंडला तिच्या माहेरी. बाईंनी दवाखान्यातच त्याला समजावले की तिने केले ते योग्यच केले. त्याने ऐकून घेतले आणि बाहेर येऊन सोबत्याला म्हणाला की शिकलेल्या बाया सुनांचीच बाजू घेणार.

ते बाईंच्या कानी गेले. मुलाला घरी सोडण्याच्या दिवशी त्यांनी शांतारामला सांगितले, "औषधाबरोबर माझी एक अट आहे. मला जागा दाखवायची."

शांताराम, सुमन, दिनू, बाई आणि मी असे पाचजण मोटारीतून गेलो. ओटीवर सासू बसली होती आणि तिच्या शेजारी सुमनचे कपडे बांधलेले बोचके ठेवलेले होते. दिनू आजीकडे झेपावला. सुमन अंगणातच उभी राहिली. आत यावे की नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

बाईंनी पडवीतली फळी पाहिली. तिच्यावर दोन बाटल्या शेजारीशेजारी होत्या, आकाराने अगदी सारख्या. एकीत कोकमाचे आगळ होते, दुसरीत रॉकेल. दिनूला रोज सरबत मिळे ते यांतल्याच एका बाटलीतून. सासूच्या ते ध्यानात आले आणि ती घाईने म्हणाली, "फळीवर मीच ठेवलंव. कंदिलात घालायला काढलेला. पन पाण्याची वाटी मी आनली, ती हिनं उधळलान. पोराला उलटी करू नाय दिलान."

कोणीही दुसरा त्या ठिकाणी बाटल्यांचा विषय उचलून धरला असता. त्याने सुमनची सुटका झाली असती आणि म्हातारी त्या घरात कायमची गुन्हेगार ठरली असती. बाईंनी तसे केले नाही. त्या म्हणाल्या, "बाटल्या कोणी ठेवल्या ते मला नको. दिनू रंग ओळखत नाही, बाटली ओळखतो, एवढंच लक्षात ठेवा." मग त्यांनी एक जुने वर्तमानपत्र मागितले, ओटीवर पसरले आणि त्यावर एक थेंब पाण्याचा व एक थेंब रॉकेलचा टाकला. पाणी होते तिथेच गोल राहिले. रॉकेल बघता बघता कागदभर पसरत गेले.

"आजी, हा कागद म्हणजे दिनूची छाती समजा," बाई म्हणाल्या. "रॉकेल पोटात गेलं तर पोट ते बरंचसं सोसतं. पण ते वर आलं की घशाशी दुसरी वाट असते, श्वासाची. तिथं एक थेंब उतरला तरी तो असा पसरतो. त्याला खोकला आला तो थोडं उतरलं म्हणून. उलटी झाली असती, तर आणखी उतरलं असतं."

सासूने कागदाकडे पाहिले. ओला डाग अजून वाढतच होता. मग तिने अगदी हळू विचारले, "म्हंजे माझ्या हातनं ग्येला असता तो?"

शिक्षकाच्या पेशामुळे मला हा क्षण ओळखता येतो. समोरच्याला उत्तर कळलेले असते आणि आपण खोटे बोलून त्याला सोडवू शकतो. मी बाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "जाऊ शकला असता. मी खोटं सांगणार नाही. पण तुम्ही धावलात ते त्याला वाचवायलाच, आणि हीही त्याच कारणानं धावली. एकीला ठाऊक होतं, एकीला नव्हतं. एवढाच फरक."

मग त्यांनी सुमनला विचारले की हे तुला सांगितले कोणी. सुमन म्हणाली, "तुमीच. लग्नानंतर बोट कापला म्हनून आलेले. बाकड्यावर बसलेली. आत तुमी कुनाला तरी वरडत होतात, रॉकेल प्याला तर उलटी काढू नका म्हनून." त्या दिवशी आत कोण होते ते बाईंना आठवत नव्हते आणि बाकड्यावरची सुमनही आठवत नव्हती.

शांताराम मान खाली घालून उभा होता. तो काही बोलेल असे मला वाटले, पण उठली ती सासू. तिने बोचके उचलले, आत नेऊन ठेवले आणि उंबरठ्यात परत येऊन सुनेला म्हणाली, "उभी काय? चाय ठेव डॉक्टरांना. साखर खय हाय ता तुलाच ठाव."

परतताना चढावर मोटार दमली तरी बाई तिच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी समजत होते, आत झोपलेला तोच माझा रोगी." दुसऱ्या दिवशी मी खाली डोकावले तेव्हा त्यांनी बाकड्याकडच्या दरवाजाचा पडदा काढून टाकला होता. तपासायच्या टेबलापुढे मात्र एक घडीचा आडोसा आला, कारण रोग्याच्या आबरूची त्यांना काळजी होती. पण त्यांची स्वतःची खुर्ची बाकड्याकडे तोंड करून वळली ती कायमची.

पुढे त्यांची दृष्टी मंदावली. बारीक सुईत दोरा ओवता येईना, त्या दिवशी त्यांनी टाके घालणे थांबवले आणि दशक संपत आले तेव्हा दवाखानाच बंद करून त्या मुलाकडे पुण्याला निघाल्या. निरोपाला बरीच माणसे आली. त्यांत दिनूची आजी होती, आता शाळेत जाणाऱ्या दिनूचा हात धरून. सुमन नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून ती आली नव्हती. म्हातारीने सांगितले की वाडीत कोणाकडे पोराने काही प्यायले-गिळले की आधी तिला बोलावतात, आणि ती मिठाच्या पाण्याची वाटी घेऊन येणाऱ्याला दारातच अडवते.

"लोक इचारतात, तुला ह्या कोनी शिकवला. मग सांगायला लागता," ती म्हणाली. "सून माझी शहानी, ह्या सांगायचा तर माझी चूक आधी सांगायला लागते. काय करू बाय? दोन्ही सांगते."

डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच मोठा आणि स्वच्छ होता.

"आधी चूक, मग सून," त्या म्हणाल्या. "क्रम बदलू नका, आजी. चुकीपासून सुरू केलंत, की लोक शेवटपर्यंत ऐकतात."