पदराचा शेक

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बारावीला होतो. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. आमच्या माले गावात ते चाळीस दिवसांचं पथ्य. ते सरलं आणि आमच्या लेखी डोळा पक्का झाला. डाव्या डोळ्याला नुसता उजेड कळायचा, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर.

मी बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. त्याच वर्षी एका सकाळी दावं सोडताना म्हशीनं मान झटकली आणि शिंग दादांच्या उजव्या डोळ्यावर बसलं. रक्त फारसं नव्हतं. आईनं त्यांना ओट्यावर बसवलं, पदराचा बोळा केला, त्यात तोंडाची वाफ भरली आणि डोळ्यावर दाबून धरला. डोळ्याला मार लागला की आमच्याकडे हाच पहिला उपचार. लहानपणी मीही तो घेतलेला.

"म्हशीम्होरं तोंड घालाया कुनी सांगितलं हुतं?" आई म्हणाली.

"तू शेक दे. मला तुजं तोंड दिसंना झालंय."

"बरंच हाय की मग."

"मस्करी न्हाई गं. खरंच दिसंना."

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. "आई, हात काढ. दाबायचं नाही म्हणाले होते."

"ते चाळीस दिसांचं हुतं! लई शिकलास व्हय?"

पण तिनं हात काढला. जीपनं पौडला, तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याला बोटही लावलं नाही. डोळ्यावर दाब पडू नये म्हणून चहाचा प्लॅस्टिकचा कप वरून चिकटपट्टीनं बसवला आणि पुण्याला पाठवलं.

पुण्यात कळलं, ऑपरेशनची जुनी जखम वरून भरली तरी मूळच्याइतकी मजबूत होत नाही. ती तिथंच उसवली होती आणि आतलं भिंग बाहेर आलं होतं. टाके पडले. जाड चष्म्यानं दादांना पुढे बांधापर्यंतची वाट दिसू लागली. त्या दोन्ही डॉक्टरांचे उपकार मी विसरलेलो नाही.

"माज्या शेकानं झालं का रं?" त्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात आईनं बाहेरच्या बाकावर विचारलं होतं. मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फुटला तो शिंगानं. दाबल्यानं आतलं आणखी बाहेर आलं असेल, किती ते सांगता येत नाही. आईला मी पहिलं अर्धंच सांगितलं.

नंतर घरातल्या फळीवर तिनं दोन प्लॅस्टिकचे कप धुऊन ठेवले. डोळा धरून कुणी आलं की कप पुढे करायची. "ह्यो लाव आन् पौडला जा. दाबू नगंस." राहिलेलं अर्धं तिला कुठून कळलं, हे मी कधी विचारलं नाही.