मोठेबाबांची पापणी

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आम्हा पोरांशी तोंडानं फारसं बोलतच नसत. सगळा कारभार डोळ्यांनी. लोकांच्या घरी बशी पुढे आली की आधी त्यांच्याकडे पाहायचं. पापणी हलली तर घ्यायचं, नाही तर ‘पोट भरलंय’ म्हणायचं. मी इतका गुणी, की घरी पाणी पितानाही त्यांच्याकडे पाहून घेई. अकोल्यातले शेजारी आपल्या पोरांना माझं उदाहरण देत आणि ती पोरं मला शाळेच्या वाटेवर चोपत.

आत्याला भातकुली गावचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. घर पाहायला जायचं ठरलं आणि नेमके मोठेबाबांचे डोळे आले. तिथे ते काळा चष्मा लावून बसले. आम्हा पाच पोरांपुढे आलूपोहे आले. आम्ही चष्म्याकडे पाहिलं, त्यात काहीच दिसेना. मुलाच्या आईनं तीनदा आग्रह केला, आम्ही तीनदा पोट भरल्याचं सांगितलं. शेवटी त्या माउलीचा चेहरा उतरला. “आमच्या घरचं चालत नाही वाटते पोराईले,” असं म्हणून ती बशा उचलू लागली. आत्याची सोयरीक माझ्या शहाणपणापायी मोडणार, हे कळूनही माझा हात उठेना.

तेव्हा मोठेबाबांनी चष्मा काढला. लालभडक, गळणारे डोळे चारचौघांत उघडे करून ते म्हणाले, “खा रे बाप्पा.” मी तीन बशा खाल्ल्या. सोयरीक जमली.

परतताना बसमध्ये त्यांनी मला जवळ घेतलं. “चूक माही हाय बाबू. आता काही पाह्यजे असलं तं तोंडानं मांगत जा.” परवानगी मिळाली, पण सवय कुठली जाते? पुढे अमरावतीत नोकरी केली, तिथे बढतीसुद्धा कधी मागितली नाही. साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.

गेल्या वर्षी मोठेबाबांनी अंथरूण धरलं. आम्ही नवराबायको भेटून निघालो तेव्हा माझा हात धरून म्हणाले, “थांबतं का बाबू दोन रोज?”

पन्नाशी उलटलेला मी, सवयीनं बायकोकडे पाहिलं. ती मोबाइलमध्ये होती. उद्या ऑफिस आहे, असं मी सांगितलं. त्यांनी आग्रह केला नाही.

चौथ्या दिवशी ते गेले. त्यांनी हात धरला त्या दिवशी मला थांबायचं होतं. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय, आणि ज्यांना सांगायचं होतं ते ऐकायला नाहीत.