साहेबांची मतं आणि सायरनची दुपार

माझे साहेब इंग्रज होते आणि त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. चहात दूध आधी घालावं की नंतर, माणसाने बूट स्वतः पुसावेत की नोकराकडून, हिंदुस्थानातल्या निवडणुका, बहारीनचा उन्हाळा, काहीही. बहारीनला बंदराजवळच्या आमच्या ऑफिसात मी त्यांचा क्लार्क होतो. दहाच्या चहाला ते मला समोर बसवायचे आणि बोलत राहायचे. मी ऐकायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. गुहागरजवळच्या एका गावातून आलेल्या माणसाशी कोणी जगाबद्दल बोलतंय, यातच मला मोठेपण वाटे.

"लोकशाही म्हणजे रांग," ते एकदा म्हणाले. "मंत्री असो की मासेवाला, जो आधी आला तो पुढे. तुमच्याकडे सगळे बोलतात फार छान, पण रांगेत कोणी उभं राहत नाही."

तरुणपणी ते फौजेत होते. त्यामुळे संरक्षण हा त्यांचा खास विषय. इराकने कुवेत घेतलं त्या ऑगस्टपासून दहाच्या चहाला दुसरा विषयच उरला नाही. टेबलावर स्टेपलर म्हणजे कुवेत, पेपरवेट म्हणजे बहारीन, आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट फिरवत ते मला सैन्याच्या हालचाली समजावायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, ज्या देशासाठी तुम्ही लढणार, तिथे तरी लोकशाही आहे का?"

ते मोठ्याने हसले. "नाही. पण घरमालक चांगला नाही म्हणून घर चोराला द्यायचं का?"

मला ते पटलं. त्या वेळी मला त्यांचं सगळंच पटायचं.

माझ्या घरी मात्र वेगळीच काळजी होती. आम्ही गुदैबियात एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर बायकोला पहिल्यांदा दिवस गेले होते. कुवेतची बातमी आली तेव्हा मी तिला म्हटलं, तू गावी जा. पण डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली. जिने चढू नका, वजन उचलू नका, विमानाचं तर नावच काढू नका. पुढे जरा बरं वाटलं तोवर दिवस इतके भरत आले होते की विमान कंपनी तिला घेईना. माझ्या ओळखीची किती कुटुंबं तेवढ्यात निघून गेली. जिन्यात रोज कोणाची तरी बॅग उतरताना दिसे आणि बायको दाराआडून बघत राही.

"आपण अडकलो हो," ती एवढंच म्हणायची.

शेजारी श्रीवर्धनच्या एक खाला, म्हणजे मावशी, होत्या. त्यांचा मुलगा बाजारात सोनाराच्या दुकानात कामाला होता. त्यांनी गावाकडे असताना बरीच बाळंतपणं पाहिली होती. "मी कुठे जात नाही, बेटा," त्या मला म्हणाल्या, "ही मोकळी झाल्याशिवाय मी हलत नाही." त्या काळात मला धीर देणारं तेवढंच एक माणूस होतं.

डिसेंबरात कंपनीने गॅसचे मास्क मागवले. विषारी वायूचं क्षेपणास्त्र आलं तर तोंडाला लावायचे. खाकी खोक्यांतून ते आले आणि साहेबांच्या केबिनमध्ये त्यांची चळत लागली. विलायतेहून आलेल्या प्रत्येकाला एक. आम्हाला चिकटपट्टीची रिळं दिली आणि सांगितलं, घरातली एक खोली खिडक्यांच्या फटी बुजवून बंद करा, ओला टॉवेल दाराखाली लावा, सायरन झाला की आत बसा.

मी केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, "सर, मला नको. माझ्या बायकोला एक मिळेल का? तिचे दिवस भरत आलेत."

साहेब अवघडले. "मोजून आलेत रे. माझ्या हातात नाही." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, ही क्षेपणास्त्रं आंधळी असतात. एवढं मोठं वाळवंट आणि एवढा समुद्र सोडून ती नेमकी गुदैबियात पडणार नाहीत. संरक्षण म्हणजे अर्धी तर भीतीची शिस्त. जो घाबरला तो गेला."

मी "येस सर" म्हणून बाहेर आलो. येऊन टेबलाशी बसलो. त्यांच्या रांगेत मी कितवा होतो, हे मला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

जानेवारीत लढाई सुरू झाली. आधीचे सायरन रात्रीअपरात्री झाले. मी आणि बायको आतल्या खोलीत चिकटपट्टी लावलेल्या खिडकीखाली बसायचो. हवा कोंडायची. ती माझा हात पोटावर ठेवून म्हणायची, "बघा, हिला कळतंय. सायरन झाला की गप्प होते." तिला मुलगीच होणार याची खात्री होती. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारायचो, आणि देवांची नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून.

ती दुपार आली तेव्हा मी ऑफिसात होतो. साहेब जेवायला त्यांच्या जुफैरच्या घरी गेले होते. त्यांच्या मेमसाहेबांना त्यांनी आधीच इंग्लंडला पाठवलं होतं. फोन वाजला. आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे किराणा दुकानाचा, मलबारी बोलत होता. तो हिंदीत ओरडला, "जल्दी आओ भाई. तुम्हारी वाइफ का टाइम आ गया. खाला बोलती है, हॉस्पिटल ले जाना पडेगा."

मी ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवला. लाइन लागेना. टॅक्सी शोधायला रस्त्यावर आलो तर रस्ता मोकळा. पुन्हा हल्ला होणार अशी सकाळपासून अफवा होती, लोक घराबाहेर पडत नव्हते. कंपनीची गाडी साहेबांकडे होती. त्यांचं घर तिथून जवळ, म्हणून मी जुफैरच्या दिशेने पळत सुटलो.

फाटकाशी पोचलो आणि सायरन सुरू झाला.

दार आतून बंद. गाडी समोर उभी, काचेतून मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली चावीसुद्धा दिसत होती. मी बेल दाबली, दार बडवलं. मग घराला वळसा घालून मागे गेलो. न्हाणीघराच्या खिडकीला आतून चिकटपट्टी लावलेली होती आणि खरबरीत काचेमागे एक आकृती हलली.

"सर! मी आहे! गाडीची चावी द्या! माझी बायको बाळंत होतेय!"

आतून घुमल्यासारखा आवाज आला. मास्कमधून बोलत होते ते. "ऑल क्लिअर होऊ दे."

"सर, तेवढा वेळ नाही! दार उघडा, चावी फेका आणि परत बंद करा!"

"मी सील तोडू शकत नाही. समजून घे. ऑल क्लिअर झालं की."

"सर, पाया पडतो."

 आतून फक्त श्वास ऐकू येत होता, मास्कच्या नळीतून ओढलेला, भलताच जोराचा. हा माणूस थरथरत होता. टेबलावर स्टेपलर सरकवून मला युद्ध शिकवणारा हा माणूस न्हाणीघराच्या फरशीवर बसून थरथरत होता. मी पुढचं दार लाथेने फोडायचा प्रयत्न केला. ते भक्कम होतं. दगड घेऊन काच फोडली असती तर? नंतर हजार वेळा वाटलं. काचेला बाहेरून लोखंडी जाळी होती, चावीपर्यंत हात पोचला नसता, हेही मी नंतर हजार वेळा स्वतःला सांगितलं. मी मराठीत तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या आणि गुदैबियाकडे धावत सुटलो.

सायरनच्या त्या रिकाम्या रस्त्यांवरून धावताना मला आकाशाकडे बघायचीही शुद्ध नव्हती. कडेची चपलांची, भाज्यांची दुकानं अर्धी उघडी टाकून लोक आत गेलेले. छातीत भाता चाललेला. एकदा पडलो, गुडघा फुटला. वाटेतच धोका टळल्याचा, ऑल क्लिअरचा भोंगा झाला.

जिना चढलो तर दार उघडंच होतं. खाला जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात बाळ होतं. निळसर पडलेलं. त्या त्याच्या तोंडात फुंकर मारत होत्या, पाठीवर थापट्या मारत होत्या, पुन्हा फुंकर मारत होत्या. बाळ रडत नव्हतं. बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि तिच्याखालची चादर लाल झालेली.

"हिला आधी ने," खाला म्हणाल्या. "बेटा, हिचं रक्त थांबत नाही. उचल हिला."

तेवढ्यात जिन्यात जड बुटांचा आवाज झाला. साहेब दारात उभे होते. मास्क कपाळावर सरकवलेला, तो काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. पूर्वी एकदा त्यांनी मला इथे सोडलं होतं, तेवढ्यावरून घर शोधत आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खुर्ची," ते म्हणाले. आम्ही तिला खुर्चीत बसवून दोघांनी मिळून जिन्यावरून उतरवलं. खाला बाळाला पदरात घेऊन मागोमाग आल्या. हॉस्पिटलपर्यंत साहेबांनी एकही सिग्नल पाळला नाही.

बायको वाचली. मुलगी गेली. मुलगीच होती.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आधी आणलं असतं तर?" त्या केरळच्या होत्या, दमलेल्या होत्या. हातमोजे काढत म्हणाल्या, "मला माहीत नाही. खरंच सांगते, माहीत नाही." त्यांनी हो म्हटलं असतं तर मला त्या माणसाचा मनसोक्त तिरस्कार करता आला असता. नाही म्हटलं असतं तर शांत झोप लागली असती. दोन्हींतलं काहीच मिळालं नाही.

मुलीला पुरायला मी, खालांचा मुलगा आणि बिल्डिंगमधला एक चिपळूणचा ड्रायव्हर गेलो. इवलंसं गाठोडं मीच धरलं होतं.

चार दिवसांनी बायको नीट शुद्धीवर बोलू लागली. तिने विचारलं, "साहेब कसे आहेत?"

"का?"

"मी डोळे उघडले तर ते होते ना. डोक्यावर तो मास्क. सायरन चालू असताना, एवढ्या धोक्यात, आपल्यासाठी धावून आले हो. सख्खा भाऊसुद्धा येत नाही."

खरं काय ते मी सांगणारच होतो. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत रंग असा नव्हताच, पण हे बोलताना थोडासा आला होता. तेवढा मला पुसवेना.

मी कामावर परतलो. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं, पण व्हिसा त्याच कंपनीचा, आणि बायकोच्या अंगात प्रवासाचं बळ नव्हतं. पहिल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते उभे होते.

"मी घाबरलो होतो," ते म्हणाले.

 त्यांनी वाट पाहिली. मी काहीतरी बोलावं, ओरडावं, निदान माफ तरी करावं. मला यातलं काहीच करता आलं नाही. मी विचारलं, "सर, आजची पत्रं टाइप करू?" ते मान हलवून खाली बसले.

त्यानंतर दहाचा चहा मी माझ्या टेबलावर घेऊ लागलो. साहेबही बोलेनासे झाले. पुढे काही वर्षांनी बहारीनमध्ये पार्लमेंटच्या मागणीवरून गावागावांत टायर जळू लागले, तेव्हा विलायतेहून नवीन आलेले तरुण इंजिनिअर त्यांना विचारायला यायचे. या लोकांना लोकशाही झेपेल का, तुमचं मत काय? साहेब कागदावरून डोळे न उचलता म्हणायचे, "मला काही मत नाही." पोरांना वाटायचं म्हातारा सावधपणे बोलतोय.

बायको मात्र दर दिवाळीला त्यांच्यासाठी डबा भरायची. करंज्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. "हातात द्या, टेबलावर ठेवून येऊ नका," असं बजावायची. मी तो डबा त्यांच्या हातात द्यायचो. ते माझ्यासमोरच एक लाडू खायचे, सगळा, हळूहळू, जसं एखादं औषध घ्यावं तसं. दरवर्षी. त्या मिनिटभरात मी त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचो.

आम्हाला पुढे एक मुलगी झाली, मुंबईत, माझ्या सासूबाईंच्या देखरेखीखाली. ती चार वर्षांची असताना आम्ही बहारीन कायमचं सोडायचं ठरवलं. निघायच्या आधीच्या शुक्रवारी बायकोने साहेबांना जेवायला बोलावलं. त्यांनी नको म्हणायचा प्रयत्न केला, तिने ऐकलं नाही. सुरमई तळली, सोलकढी केली. ते हाताने जेवले, बोटं भाजली तरी जेवले. ते निघाले तेव्हा ती वाकून त्यांच्या पाया पडली. ते असे मागे सरले की पाठ दाराला आपटली.

मी त्यांना खाली सोडायला गेलो. जिन्यात ते थांबले.

"तू तिला सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

 "त्या दिवसातलं तिच्याजवळ तेवढंच एक चांगलं आहे, सर."

ते कठडा धरून उभे राहिले. त्यांचं वय झालं होतं, हे मला तेव्हा प्रथम दिसलं. मग ते जपून एकेक पायरी उतरले, गाडीत बसले आणि गेले.

मी वर आलो. बायको मुलीला भरवत होती. "पोटभर जेवले ना हो ते?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि उरलेल्या बॅगा बांधायला बसलो.