मावशींच्या मशीनवरचा हिरवा रंग

आमच्या घरच्यांना नव्या वस्तूचं भारी वेड. वस्तू आपली नसली तरी चालायची, चार घटका हातात आली म्हणजे झालं. सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या स्टोअरात हे कारकून होते. भिंतींवर चुना फवारायचा एक पंप तिथे नुकताच आला होता. एकाने दांडा हापसायचा, दुसऱ्याने नळी धरायची, की भिंत पांढरी. साहेबांना विचारून हे तो पंप एका रविवारपुरता घरी घेऊन आले. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला सासरची माणसं यायची होती, आणि त्याआधी चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या खिडक्यांचे गज हिरवे व्हायला हवे होते. ब्रशने ते काम तासाभरात झालं असतं. पण लग्न नवं होतं, आणि मी तेव्हा असं बरंच काही मनातच ठेवत असे. पुढे ती सवय मोडली.

त्याच खिडक्यांना पडदे शिवायचे म्हणून मी शेजारच्या मावशींचं हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन मागून आणलं होतं. मावशी माझ्या नात्याच्या नव्हत्या, अख्ख्या चाळीच्या मावशी होत्या. नवरा तापाच्या साथीत गेलेला, मूलबाळ नाही. चोळ्या-परकर शिवून त्या एकट्या संसार ओढत होत्या. मशीन काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. नवऱ्याने हौसेने आणलेलं. शिवायला बसण्याआधी त्या उजवा हात मशीनच्या मानेमागे नेत आणि मग कपाळाला लावत. एरवी त्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. मंगळवेढ्याला भावाकडे हुरड्याला निघाल्या तेव्हा मात्र मला म्हणाल्या, "तुला म्हून देते पोरी. पर जपून वापर. ह्येच्यावर माजं पोट हाय."

मी जपलंच असतं. पण मशीनचं लाकडी झाकण चांगलं खोलगट होतं, आणि चटणीसाठी निवडलेले शेंगदाणे ठेवायला घरात दुसरं भांडं रिकामं नव्हतं. म्हणून झाकण उलटं होऊन आत शेंगदाणे बसले, आणि मशीन बाहेर ओट्यावर उघडं राहिलं.

"वारा अजिबात नाही," हे बोट वर करून म्हणाले. चुन्याच्या पंपात टर्पेंटाइन घालून पातळ केलेला तेलरंग भरला होता. मी पदर खोचून दांडा हापसायला लागले आणि ह्यांनी खिडकीवर नळी रोखली. गजांना थोडासा रंग लागला हे खरं आहे. बाकीचा तुळशीवर, ह्यांच्या चष्म्यावर, मिशांवर आणि मशीनवर गेला. त्या कोरड्या हवेत रंगाचे थेंब वाटेतच अर्धे वाळत आणि जिथे पडतील तिथे चिकटून बसत. सोनेरी वेलीवर सगळीकडे हिरवी खसखस पेरल्यासारखी झाली. हात फिरवला तर खरखरीत लागायचं. मावशी बुधवारी येणार होत्या.

आमच्याकडे धातू म्हटला की चिंच आणि राख. मी तेच घेऊन बसले आणि मागच्या कोपऱ्यावर जोर काढला. हिरवं तसूभर हललं नाही, काळी चकाकी मात्र गेली. "अगं, तो काय तांब्या आहे?" असं म्हणत ह्यांनी माझा हात धरला. मग शहाणपण दाखवायची त्यांची पाळी आली. पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट आणून त्यांनी चिंधीने एक फूल पुसलं. हिरवं गेलं, त्याबरोबर वरचं रोगणही चिकट झालं आणि वेलीचं एक सोनेरी पान सरळ चिंधीवर आलं. आम्ही दोघं त्या पानाकडे बघत बसलो. त्या क्षणी मला ह्यांचा जेवढा राग आला तेवढाच माझा स्वतःचाही आला, आणि शेंगदाण्यांचा तर फारच.

उपाय सोमवारी सकाळी सापडला, आणि तो मला सापडला. हे पुढे गिरणीत "आम्ही शोध लावला" असं सांगत फिरले, म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवते. पोळ्यांची कणीक तेल लावून मळत होते. मध्येच मशीन भिंतीकडे सरकवायला गेले तर हातातला गोळा त्याच्या अंगावर घासला. बघते तर कणकेला हिरवे दाणे चिकटलेले, आणि खालची वेल जशीच्या तशी. मग रीत बसली. आधी मशीनचं तेल लावून घटकाभर ठेवायचं, मग कणकेचा गोळा अलगद फिरवायचा, दाबायचं नाही. मळकी बाजू आत दुमडून पुन्हा फिरवायचा. दोन दिवस मी हेच केलं. हे गिरणीतून आले की शेजारी बसून "इथे एक राहिलाय" असं सांगायचे. आमच्या पोळ्या त्या दोन दिवसांत अंमळ कमीच झाल्या.

मंगळवारी संध्याकाळी एकही हिरवा ठिपका उरला नाही. ह्यांना चैन पडेना. सगळीकडून बोट फिरवताना त्यांना मशीनच्या मानेमागे एक काळपट तांबूस खपली लागली. "जुना मळ दिसतोय. पान गेलं त्याची भरपाई म्हणून एवढा काढून देऊ." कणकेने ती निघेना, तेव्हा तेल मुरवून त्यांनी नखाने हळूहळू उचलली. एक ओरखडा पडू दिला नाही. मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

बुधवारी मावशी हुरड्याचं गाठोडं घेऊन आल्या. मशीन पाहून हरखल्या. "लई चकचकीत केलंस की गं!" गेलेलं पान त्यांच्या लक्षात आलं नाही, निदान तसं त्यांनी दाखवलं नाही. शिवायला बसल्या आणि त्यांचा उजवा हात मानेमागे गेला. तिथेच थांबला. बोटं थोडी वर गेली, थोडी खाली आली.

"हितं ठिपका हुता," त्या म्हणाल्या. "मशीन घरी आलं त्या दिशी त्येंनी कुकू तेलात कालवून लावलं हुतं. फुडल्या खंडेनवमीला त्ये न्हवते. मग मी नुसतं फूल ठिवायची. माज्या हातानं कुकू कसं लावू?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. पंप, शेंगदाणे, चिंच-राख, स्पिरिट, पान, खपली, काही लपवलं नाही. हे दाराशी उभे होते. मावशींनी हात मानेमागून काढला. मग म्हणाल्या, "तुजा करंडा आन."

मी मागे सरले. म्हटलं, माझ्या ठिपक्याला त्यांची सर कशी येणार?

"न्हायच येनार. त्येंचा माज्या बोटाला ठाव हाय. तुजा आपला, जागा चुकू न्हाय म्हून."

मी कुंकू तेलात कालवलं. मावशींनी डोळे मिटले, माझं बोट धरलं आणि मशीनच्या मानेमागे नेलं. थोडं वर, थोडं डावीकडे, आणि मग दाबलं.

हे रविवारपासून राहिलेला पंप उचलून त्याच पावली गिरणीत पोचवून आले. उरलेले गज त्यांनी ब्रशने रंगवले.