उभी मॅनेजर

योगेश्वरी टेंभरे ही गावच्या धान खरेदी केंद्राची प्रमुख झाली. टेबल मिळालं, शिक्का मिळाला, गोल फिरणारी खुर्ची मिळाली. बसायला तेवढं मिळेना!

कामठ्याजवळचं हे गाव म्हणजे तिचं सासर. केंद्रात येणारा दर दुसरा माणूस नात्यानं सासरा, नाहीतर जेठ, म्हणजे थोरला दीर. आणि पोवाराच्या घरची सून मोठ्या माणसापुढं बसते होय? कोणी दारात आला की ही पदर सावरत उभी, आणि आलेला गडी खुशाल तिच्या खुर्चीत. वरून म्हणणार, "बस न बाई, बस." आता बसू कुठं, त्याच्या डोक्यावर?

गोंदियाला प्रशिक्षण झालं. साहेब म्हणाले, "ताठ बसा, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला. छाप पडली पाहिजे." सासऱ्याच्या डोळ्यांत डोळे! ऐकूनच बिचारीला घाम फुटला.

हसण्यावारी नेलं असतं हो, पण खुर्चीत बसलेला माणूस हुकूमही सोडायला लागतो. "माझा ट्रॅक्टर आधी लाव." असं करता करता सुशिलाबाई मेश्रामचं धान तीनदा मागं गेलं. एकटी बाई, धान उघड्यावर, आणि आभाळ भरून आलेलं. त्या सकाळी ती योगेश्वरीपुढं येऊन उभी राहिली.

"तू इथली मॅनेजर आहेस का पाहुनी? धान भिजलं तं मी कोनाच्या दारी जाऊ?"

शब्द जिव्हारी लागले. खरं होतं ते, म्हणूनच लागले. योगेश्वरीनं हमालांना बोलावलं आणि टेबल बाहेर, वजनकाट्याजवळ मांडायला सांगितलं.

"आन् खुर्ची, मॅडम?"

"राहू दे आतच."

उभ्या माणसानं उठायचं कोणासाठी? पोरीला एवढी साधी गोष्ट सुचायला अर्धा हंगाम गेला, पण सुचली!

तेवढ्यात दुर्गाप्रसाद आले, तिचे सख्खे जेठ. सून नोकरी करणार म्हटल्यावर घरात सगळे आडवे आले, तेव्हा हा एकच माणूस तिच्या बाजूनं भांडला होता. त्यांना नाही म्हणायचं म्हणजे जीव तुटायचीच गोष्ट. तिनं डोक्यावर पदर घेतला, वाकून पाया पडली.

"भाऊजी, आधी सुशिलाबाईचं धान. मंग तुमचं."

"काऊन? पानी येऊन राहिलं, दिसत नाही?"

"त्याहीचं धान तीनदा मागं गेलं, भाऊजी. आता नाही जाणार."

ती काट्याजवळून हलली नाही. दुर्गाप्रसाद तणतणत आत गेले आणि खुर्चीत जाऊन बसले. बसले तर बसले! काटा बाहेर, माणसं बाहेर, सून बाहेर. आत विचारतो कोण? थोड्या वेळानं मुकाट्यानं बाहेर आले आणि आपल्या ट्रॅक्टरला टेकून उभे राहिले.

सुशिलाबाईचं शेवटचं पोतं काट्यावरून उतरून गोदामात गेलं. आता पुढचं नाव पुकारायचं होतं, आणि योगेश्वरीची जीभच उचलेना. जेठाचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नसतं. लग्न झाल्यापासून एकदाही घेतलं नव्हतं तिनं. सारी रांग तिच्याकडं पाहत होती. हमाल म्हणाला, "मी देऊ का आवाज, मॅडम?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. पदर नीट केला, श्वास घेतला.

"दुर्गाप्रसाद टेंभरे!"

जेठांनी सुनेकडं पाहिलं, साहेबापुढं काढतात तसा डोक्याचा गमछा काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाले,

"हव जी, आलो."