मोटरसायकलची सीट काढणेबाबत

विषय : जुन्या दुचाकीचे आसन कायमस्वरूपी काढून टाकण्यास ना हरकत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा साध्या कागदावरील अर्ज, घरी समक्ष सादर. २) सौ. शोभा यांनी काढलेल्या त्रुटी. ३) रशीद मिस्त्री यांचे तोंडी मत.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की... जाऊ द्या! बत्तीस वर्षं तहसील कचेरीत काढली की माणूस घरात चहा मागतानाही 'उपरोक्त' म्हणतो. अंबडला मी अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. नोकरीत किस्से रोज घडायचे, पण आवक-जावक चालू असायची. एक आला की एक जायचा. रिटायर झाल्यावर जावक बंद पडली. आता नुसते साठतात. त्यात एकसष्टाव्या वर्षी मी मोटरसायकलच्या नादाला लागलो, तेव्हापासून तर ठेवायला जागा नाही.

सगळं प्रकरण एका सीटचं आहे. ती काढायची की ठेवायची, एवढाच प्रश्न. निर्णय माझ्याच घरात अडकलाय.

* * *

सुरुवात केली विष्णूनं. त्याचं बियाण्याचं दुकान आहे. वय चाळीस, गुडघे मात्र साठीचे, कारण त्याला ट्रायल्सचा नाद. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, ओघळ, चढ असा पन्नासेक पावलांचा तुकडा आखायचा आणि मोटरसायकलवर उभं राहून तो पार करायचा. वेगाला काडीची किंमत नाही. पाय जमिनीला टेकला की एक दंड, कितीही टेकला तरी फार तर तीन. गाडी थांबली की थेट पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या बंद मुरूम खदानीत हे चालतं. गुण लिहायला खरात सर असतात. गणिताचे निवृत्त शिक्षक, माझे शेजारी. तेच मला बघायला घेऊन गेले.

विष्णू म्हणाला, "काका, तुम्हीबी या की! बिलकुल सोपंय. हळू चालायचं आन् थांबायचं न्हाई."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हळू चालण्याचा भाऊसाहेबांना बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. न थांबण्याचं मात्र नव्यानं शिकावं लागेल!"

* * *

गाडी घ्यायची तर नियमानं. मी तीन गाड्यांचा तुलनात्मक तक्ता केला. वजन, उंची, ताकद, पार्ट मिळण्याची शक्यता आणि शेरा. सर्वांत ताकदवान गाडीपुढं लाल शाईनं 'शिफारस' लिहिलं. विष्णूनं तक्ता वाचला आणि तेवढंच खोडलं.

"शिकणाऱ्याला जोरदार इंजिन नको, काका. सौम्य पाहिजे. आपण चूक केली तरी सांभाळून घेणारं."

"असा साहेब मला अख्ख्या नोकरीत मिळाला नाही," मी म्हणालो, "इंजिन कुठून मिळणार?"

तरी माझा हट्ट. ती ताकदवान गाडी संभाजीनगरला एकाकडं विकायला होती. बघायला गेलो. मालकानं अंगणात गाडी चालू करून दिली. मी बसलो, क्लच सोडला, ॲक्सिलेटर किंचित पिळला. किंचित म्हणजे माझ्या मते. पुढच्या क्षणी गाडी दोन पायऱ्या चढून त्यांच्या ओट्यावर होती आणि मी खाली अंगणात दोन्ही हात पुढं करून उभा होतो, जणू कुणाला तरी ओवाळतोय!

मालक भला माणूस. गाडी उचलत त्यानं अदबीनं विचारलं, "मंग काका, पसंत पडली का?"

म्हणालो, "मला पडली. मी तिला न्हाई पडलो."

* * *

परत आल्यावर ही हकिगत रशीद मिस्त्रीला सांगितली. रशीदभाईचं गॅरेज बस स्टँडच्या पलीकडं. मी अंबडला बदलून आलो तेव्हापासून माझ्या पहिल्या गाडीला त्याचाच हात. त्यानं पाना खाली ठेवला.

"साब, आप भी कमाल करते. घोडा घर में बांध के मंडी फिर रहे!"

घोडा म्हणजे माझी जुनी टू-स्ट्रोक. पहिली नेमणूक जाफराबादला, खोली टेंभुर्णीला, तेव्हा घेतलेली. गेली कित्येक वर्षं परसात गोणपाटाखाली उभी होती. वजन कमी, इंजिन सौम्य, आणि चुका सांभाळून घेण्याची तिला तेव्हापासूनची सवय. तक्त्यात तिचं नावच नव्हतं. घरातल्या माणसाचा अर्ज विचारात घ्यायचा नाही, ही कचेरीची शिस्त अंगात मुरलेली!

गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. चेनचं मागचं दातेरी चक्र मोठं केलं की गाडी हळू चालते, असं विष्णूनं सांगितलं होतं. मी म्हणालो, "मिस्त्री, मागचं स्पॉकेट मोठं टाका. गाडी हळू करायचीय."

रशीदभाईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग म्हणाला, "साब, तीस बरस से दुकान है. लोग आते, बोलते तेज करो. हळू तो गाडी खुद हो जाती, मुफ्त में!"

तरी त्यानं जालन्याहून लेथवाल्याकडून ताटाएवढं स्पॉकेट करून आणलं आणि बसवलं. पहिल्या गियरमध्ये गाडी आता इतकी हळू जाते की बाजूनं चालणारा माणूस बोलत बोलत पुढं निघून जातो.

हे घरी सांगायला नको होतं. शोभा भाजी निवडत होती.

लग्नानंतर दर महिन्याला आम्ही टेंभुर्णीहून केदारखेड्याला तिच्या माहेरी जायचो, याच गाडीवर. ती मागं एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर डबा. सगळ्या रस्त्यात एक शब्द बोलायची नाही. मी जोरात निघालो की फक्त माझ्या खांद्यावर बोटानं एक टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे हळू. दोन टिचक्या म्हणजे थांबा, पदर अडकलाय. तिसऱ्या टिचकीचा अर्थ ठरवायची वेळच आली नाही, कारण मी पहिल्या दोनही ऐकायचोच असं नाही.

स्पॉकेटचं ऐकून तिनं भाजी बाजूला ठेवली.

"वर्सानुवर्सं मी टिचक्या मारून मारून बोट झिजवलं. तवा ऐकलं न्हाई. आन् आता मिस्त्रीकडून हळू करून घेऊन राह्यले!"

* * *

ट्रायल्सला टायरमध्ये हवा कमी लागते. चाक दगडाला धरून बसलं पाहिजे. विष्णूनं माझ्या गाडीत आठ पॉइंट हवा ठेवली आणि बजावलं, "कुणाला हात लावू देऊ नका."

हे अंबडमध्ये अवघड आहे. घरापासून चौकापर्यंत नऊ जणांनी सांगितलं, "काका, हवा कमीय." एक जण चहा अर्धा टाकून मागं पळत आला. एका मोटरसायकलवाल्यानं गाठून हातानं थांबवलं, "काका, मागचं चाक बसलंय, पडसान!" प्रत्येकाला मी खेळ समजावून सांगितला. प्रत्येकानं मान हलवली आणि पंक्चरवाल्याचा पत्ता दिला.

खदानीवर जायच्या दिवशी गाडी दारात लावली आणि आत टोपी आणायला गेलो. बाहेर आलो तर शेजारचे काका पायपंप हातात घेऊन घामाघूम उभे.

"दोन्ही चाकं टणाटण करून दिली भाऊसाहेब! तुमच्या वयात आता कुठं वाकता!"

मी आभार मानले. पुन्हा आत गेलो, चहा घेतला, काका त्यांच्या घरात गेल्याची खात्री केली, आणि मग बाहेर येऊन चोरासारखा स्वतःच्याच गाडीची हवा सोडत बसलो.

* * *

पावदानं खाली आणि मागं घ्यायची होती, हँडल वर. हा खेळ उभ्यानं चालतो. त्यामुळं मापही उभ्यानं घ्यायचं. रशीदभाईनं गाडी गॅरेजपुढं लाकडी ठोकळ्यांवर घट्ट बसवली आणि मला वर चढवलं.

"हिलना नक्को साब. सामने देखो. कोहनी बाहर." आणि तो वेल्डिंगवाल्याला बोलवायला निघून गेला.

मी उभा. गुडघे किंचित वाकलेले, छाती पुढं, दोन्ही हात हँडलवर, नजर समोर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बस स्टँडवरचा रस्ता. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतोय. तेवढ्यात आमच्या कचेरीतले जुने शिपाई सायकलवरून चालले होते. ते उतरले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, खालचे ठोकळे पाहिले, आणि टोपी काढून विचारलं,

"भाऊसाहेब, अनावरण कोणाच्या हस्ते?"

* * *

आता मुद्द्यावर येतो.

खदानीतल्या पहिल्या तीन रविवारी मी प्रत्येक तुकड्यात पाच गुण मिळवले. सर वहीत ओळीनं पाच लिहायचे. एकदा मी म्हणालो, "सर, इथं गाडी थांबली नाही, नुसती रेंगाळली. खोडा की!"

"भाऊसाहेब, 'खाडाखोड ग्राह्य धरली जाणार नाही' हे वाक्य मी तुमच्याच खिडकीवर वाचलंय."

चुकतंय कुठं, ते विष्णूनं शोधलं. चढ आला की मी घाबरायचो, घाबरलो की सवयीनं खाली बसायचो. बसलो की दगडावर सीट खालून उसळी द्यायची आणि मी हँडलवरून पुढं. माझी सीट म्हणजे जुन्या पद्धतीची लांबलचक, मधे पट्टा असलेली.

"सीट आहे तवर तुम्ही बसणार," विष्णू म्हणाला. "खऱ्या ट्रायल्सच्या गाडीला सीट नसतेच. काढून टाका."

रशीदभाई बाजूलाच होता. त्यानं पाना खिशातून काढला, पुन्हा खिशात ठेवला.

"पूछ के निकालो साब. गाडी आपकी, सीट भाभी की."

हेच ते संदर्भ क्रमांक तीन.

घरी विषय काढला. शोभा म्हणाली, "तोंडी काही चालत न्हाई. लेखी द्या."

हे वाक्य मी बत्तीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. मुकाट्यानं अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी तो त्रुटींसह परत आला. समासात, पेन्सिलीनं : 'एक, सीट काढण्याचे कारण पुरेसे नाही. दोन, मागे बसणाऱ्याने कुठे बसावे, याचा उल्लेख नाही. तीन, मागे बसणाऱ्याची सही नाही.'

"अगं, फिरायला आपली नवी स्कूटर आहे की!"

"स्कूटरवर मी पुढं बसते," ती म्हणाली. "तो प्रश्न वेगळा."

ते खरंच आहे. स्कूटर ती चालवते, मी मागं बसतो. आणि मला टिचकी मारायचं धाडस नाही.

त्रुटींची पूर्तता करून अर्ज पुन्हा दिला. दोन नंबरच्या त्रुटीपुढं मात्र 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहिलं. तिनं वाचला, घडी केली, रोजच्या चहाच्या डब्याखाली ठेवला. आठवडा गेला. रोज चहा व्हायचा, रोज डबा उचलला जायचा, परत अर्जावर ठेवला जायचा. शेवटी शनिवारी आदेश निघाला, 'उद्यापुरती काढावी. काढलेली सीट घरी आणून ताब्यात द्यावी.'

रशीदभाईनं चार बोल्ट काढले. सीट गोणपाटात गुंडाळून मी घरी आणून दिली. पोच मिळाली नाही.

* * *

त्या रविवारी मी उभाच राहिलो, कारण बसायला काही नव्हतंच. ओघळ गेला. दोन दगड गेले. चढाला सवयीनं गुडघे आपोआप वाकले, खाली काही लागलं नाही म्हणून परत सरळ झाले. तेवढ्यात गाडी वर पोचली होती! एकदाही पाय टेकला नाही.

विष्णू ओरडला. रशीदभाईनं 'माशाल्ला' म्हणून टायरला हात लावून बघितला, मला नाही.

खरात सरांनी वहीत शून्य काढलं आणि चष्मा पुसला. "आयुष्यभर पोरांना शून्य देत आलो, भाऊसाहेब. मनापासून दिलेलं हे पहिलं!"

मी ठरवलं, आज घरी जाऊन सोक्षमोक्ष लावायचा. सीट कायमची जाणार. विष्णूच्या पिकअपमधून गाडी गॅरेजला उतरवली आणि चालतच घरी आलो.

दारात थबकलो.

ओट्यावर दोन-दोन विटा रचून त्यावर सीट ठेवलेली होती. पुसून, गोणपाट घडी करून बाजूला. शोभा तिच्यावर बसली होती, मागच्या अर्ध्या भागावर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा. डब्यात सोललेल्या शेंगा. पट्ट्याच्या पुढचा अर्धा भाग रिकामा.

मी म्हणालो, "शून्य मिळालं."

"बरं झालं," ती म्हणाली. शेंगा सोलत राहिली.

अर्जाचं विचारायचं होतं. त्याआधी पाय दुखत होते, म्हणून पुढच्या रिकाम्या जागेवर बसलो. समोर रस्ता, पलीकडं शेजारचे काका पायपंप घेऊन कुणाच्या तरी गाडीकडं निघालेले.

मग माझ्या खांद्यावर एक टिचकी पडली.

आम्ही जागेवरच होतो.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.