दुपारी दोनचा पहारा

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. थोरल्या चुलत्यांनी, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, घरामागची पडवी आम्हाला दिली. आधी तिथं वैरण रचायचे. आई, मी आणि धाकटी बहीण तिघी आडव्या झालो की दार उघडायचं नाही, कारण ते आत उघडायचं आणि दाराशी आईचं डोकं असायचं. आमच्या वेल्ह्याकडचा पाऊस एकदा लागला की महिनोन्‌महिने हलत नाही. कौलातून गळायला लागलं की आम्ही उठून बसायचो, जास्त गळालं की भिंतीला पाठ लावून उभ्या राहायचो.

आई दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायला जायची, शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि आल्यावर आप्पांच्या गोठ्यातलं शेण काढायची. शेण काढ असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पडवीचं भाडंही कुणी मागितलं नव्हतं. ती काढायची, एवढंच.

आप्पांसमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. त्यांच्याशी ती थेट बोलतही नसे. काही सांगायचं असलं तर माझ्याकडे बघून म्हणायची, "आप्पास्नी म्हनावं, म्हशीच्या पायाला लागलंय." आप्पा दोन हातांच्या अंतरावरच उभे असायचे. तेही माझ्याकडे बघूनच म्हणायचे, "तिला म्हनावं, हळद दाबून भर." मध्ये मी, खांबासारखी. आप्पा वाईट माणूस नव्हते, हे इथंच सांगून टाकते. त्यांनी पडवी दिली नसती तर मी कॉलेजचं तोंड बघितलं नसतं.

कॉलेज भोरला. मार्गासनीपर्यंत पायी, तिथून एसटीनं नसरापूर, मग जीपनं कापूरहोळ आणि पुढं भोरची गाडी. तीन वर्षं मी हे केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीसुद्धा पाहिली नव्हती. याचा मला गर्व होता आणि आहे. तो मी लपवत नाही. त्या गर्वापायी जे झालं तेही लपवत नाही.

शेवटच्या वर्षी इतिहासाला प्रकल्प होता. सर म्हणाले, "तू वेल्ह्याची ना, तोरणा घे." पण माझ्याआधी चौघांनी तोरणा घेतला होता. उरला होता तो विषय कुणालाच नको होता: तमिळ संतकवी आणि भक्तीची सुरुवात. मी घेतला. तोवर मला वाटायचं, भक्ती, भजन, टाळ हे सगळं आपल्याच मातीत उगवलं. सर म्हणाले, आपल्या संतांच्या कित्येक शतकं आधी तिकडं दक्षिणेत माणसं गावोगाव गात फिरत होती. विष्णूचे भक्त ते आळवार, शिवाचे ते नायनार. कुणी राजा, कुणी पुजारी, कुणी कुंभार, कुणी शिकारी. त्यांच्यात बायकाही होत्या. देवाशी ते संस्कृतात बोलले नाहीत, घरात बोलतात त्या भाषेत बोलले. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यावर मराठीत एकच जाडजूड पुस्तक होतं. ते मी घरी आणलं आणि आई तांदूळ निवडायला बसली की तिला वाचून दाखवायला लागले.

आईला सही येते, वाचता येत नाही. पण तिचे वडील आंबवड्याकडचे भजनी होते. त्यांच्या मांडीला मांडी लावून ती लहानपणी बसली, आणि जे ऐकलं ते सगळं तिच्या पोटात राहिलं. आमच्या देवळात भजन असलं की बायका खांबांच्या मागे बसतात. पुरुष एखाद्या ठिकाणी अडले, पुढचं आठवेना, की तीच ओळ घोळवत राहायचे. मग मागून हळू आवाजात पुढची ओळ यायची आणि भजन सुटायचं. ती ओळ कुणी दिली हे सगळ्यांना ठाऊक असायचं. बोलत कुणी नसे.

पुस्तकात तीन आळवारांची गोष्ट होती. पावसात एका चिंचोळ्या ओसरीत एक जण शिरला. तिथं एकालाच आडवं होता येत होतं. दुसरा आला, दोघे बसले. तिसरा आला, तिघे उभे राहिले. मग त्यांना जाणवलं की अंधारात चौथं कुणीतरी आपल्याला चेपतंय, आणि तो देव होता.

आई सुपातले तांदूळ सांडेपर्यंत हसली. "आगं, हे तर आपल्या पडवीत दर साली व्हतं. आपल्यात द्येव शिरला न्हाई, एवढंच."

"शिरायला जागा कुठं होती?" मी म्हणाले.

देवासाठी गुंफलेला हार आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघणाऱ्या मुलीची गोष्ट वाचली तेव्हा तिनं विचारलं, "घरच्यांनी हाणली न्हाई का तिला?" आणि एकाची गोष्ट अशी होती की तो हातात तंतुवाद्य घेऊन गायचा, पण त्याच्या जातीला देवळात प्रवेश नव्हता. तो नदीकाठी उभा राहून गायचा. गाण्यात इतका बुडाला की पाणी न्यायला आलेल्या पुजाऱ्याची हाक त्याला ऐकूच गेली नाही, म्हणून पुजाऱ्यानं त्याला दगड मारला. तेव्हा देवानं पुजाऱ्याला सांगितलं, त्याला खांद्यावर बसवून माझ्यासमोर आण. आणि पुजाऱ्यानं आणलं.

आई बराच वेळ तांदूळ चाळत राहिली. "फुडं त्या पुजाऱ्याचं काय झालं?"

"ते पुस्तकात नाही."

"त्याला गावात ऱ्हायचं व्हतं की, बाय," ती म्हणाली.

हीच गोष्ट मी भोरला माझ्या मैत्रिणीला सांगितली. ती बौद्ध घरातली, बोलायला फटकळ. वड्याचा घास घेत म्हणाली, "आणि त्याला कुणी विचारलं का, बाबा रे, बसायचंय का तुला याच्या खांद्यावर?" मी म्हणाले, तुझं काहीतरी भलतंच. प्रकल्पात मी तिचं म्हणणं घेतलं नाही. मी लिहिलं, भक्तीला कुणाच्या परवानगीची गरज नसते. वाक्य मला फार आवडलं होतं.

प्रकल्प देऊन झाला आणि चैत्रात गावचा सप्ताह आला. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. कुणी ना कुणी ती गळ्यात घालून उभं राहतं, याला पहारा म्हणतात. दोन तासांचा एक पहारा. बदलताना आधीचा माणूस वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वय, मान काही बघायचं नाही, कारण वीणा ज्याच्या गळ्यात तो त्या वेळेपुरता वंदायचाच. पुढचा आला नाही तर आधीच्यानं उभंच राहायचं.

पूर्वी पहाऱ्यासाठी भांडणं व्हायची. आता गावातली पोरं पुण्याकडच्या कंपन्यांत पाळीला. संध्याकाळनंतरचे पहारे भरतात, दुपारचे भरत नाहीत. शाळेतला फळा देवळात आणून ठेवला होता. त्यावर पहाऱ्यांची नावं लिहायला आप्पांनी मला बोलावलं. चार माणसांत म्हणाले, "आमच्या पोरीचं अक्षर छापल्यागत हाय." मी खडू घेतला. दहा ते बारा अमुक, बारा ते दोन आप्पा स्वतः. दोन ते चार कुणीच नाही.

"ते मोकळं ठीव," आप्पा म्हणाले. "कुनी बी हुभं ऱ्हाईल."

ते चहाला गेले आणि मी त्या मोकळ्या जागेत आईचं नाव लिहिलं, पुढं वडिलांचं, पुढं आडनाव. छापल्यासारख्या अक्षरात.

मला वाटलं, मी फार मोठं काम केलं. आई त्या फळ्यासमोरून पाण्याची घागर घेऊन दोनदा गेली. तिला वाचता येत नाही हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. तिला कळलं ते भाकऱ्या थापायला बसलेल्या बायकांत. एकीनं टोमणा मारला, "काय वो, उद्या तुमी वीना घ्येनार म्हनं. आमाला आशीर्वाद द्या मंग." दुसरी म्हणाली, "आमाला ऱ्हाऊ द्या, थोरल्या दिरानं पाया पडायचंय त्येंच्या."

तोवर मला हे सुचलंच नव्हतं. दोनचा पहारा आईचा म्हणजे वीणा द्यायची आप्पांनी. म्हणजे धाकट्या भावाच्या विधवेच्या पाया, भर मंडपात, आप्पांनी पडायचं.

आई पडवीत आली, हाताचं पीठ तसंच. "मला इचारलं व्हतंस?"

मी म्हणाले, "तुला सगळ्यांपेक्षा जास्त येतं. तू का मागं बसायचं?"

"मला इचारलं व्हतंस का, त्ये सांग." आवाज चढलेला नव्हता. "तुला पुस्तकात बाया घावल्या, त्यात मला बशिवलीस. आपन ऱ्हातो कुनाच्यात?"

मला भोरची मैत्रीण आठवली, आणि तिचा प्रश्न.

आप्पांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी नाव पुसलंही नाही. मला वाटतं, पुसलं असतं तर गावात बोलणं झालं असतं, आणि ठेवलं तरी झालंच असतं. त्यांनी जेवताना काकूला एवढंच सांगितलं, मला ऐकू जाईल असं, "शिकवली, बरं झालं. आता आमालाच शिकवंल."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आप्पांनी वीणा घेतली. दोन वाजले. आई आली नाही. मंडपात पाच-सहा म्हातारी माणसं, बाहेर ऊन मरणाचं. मी पुढं होऊन म्हणाले, "आप्पा, मी घेते." ते माझ्याकडे न बघता गात राहिले. अडीच वाजले. सत्तरीच्या आसपासचं वय, गुडघे गेलेले. डावा पाय थरथरायला लागला तसा त्यांनी खांबाला खांदा लावला. कुणी तरी म्हणालं, आप्पा, माझ्याकडं द्या. आप्पा म्हणाले, "फळ्यावर नाव हाय. ज्याचं हाय त्यानं यावं."

हा हट्ट होता की मान होता, मला आजही सांगता येत नाही. त्या वेळी तरी मला तो आम्हा दोघींना दिलेला दंड वाटला. मी चुलीपाशी धावत गेले आणि आईला म्हणाले, "ते पडतील, आई."

ती उठली. हात धुतले, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मंडपात जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. आप्पा तिच्याशी पहिल्यांदा थेट बोलले, खाली बघत. "जमंल का?"

तिनं मान हलवली आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आप्पांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. मग सगळे थांबले, कारण आता त्यांनी वाकायचं होतं. ते क्षणभर तसेच उभे राहिले, टोपी नीट केली आणि खांबाला धरत धरत मंडपाबाहेर गेले. पाठीमुळं वाकले नाहीत, असं काकूनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

आई चार वाजेपर्यंत गायली. सुरुवातीला आवाज निघेना, मग निघाला, आणि मला तो ओळखू येईना, कारण तो पहिल्यांदा खांबांच्या पुढून येत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आनंदाचं होतं असं मी प्रकल्पात लिहिलं असतं. तसं ते नव्हतं. चारला पुढचा आला, गावातला टेम्पोवाला. त्याला भाडं गाठायचं होतं की काय, त्यानं घाईघाईनं वीणा घेतली आणि सवयीनं, विचारही न करता, तिच्या पाया पडला. आई दोन पावलं मागं सरली.

पावसाळ्याआधी काकूनं आईला सांगितलं की पडवी आता त्यांना लागणार आहे. आप्पा समोर नव्हते. आम्ही मार्गासनीत एक खोली घेतली. गोठ्यातलं शेण आता कोण काढतं, मी विचारलं नाही. आई माझ्याशी बरेच दिवस तुटक बोलायची. मी एकदा माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. झालं त्ये."

पुढच्या वर्षी सप्ताहाची बैठक भरली. आई मार्गासनीहून आली आणि बायकांत बसली. दुपारच्या पहाऱ्यांचा विषय निघाला आणि कुणी नाव देईना. मी या वेळी तोंड उघडलं नाही. मागून आईचा आवाज आला, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आप्पा, दोनचा पहारा म्या घ्येते. लिवा माझं नाव."

आप्पा म्हणाले, "मंग बाराचा दुसऱ्या कुनाला तरी द्या. आता माझ्यानं हुभं ऱ्हावत न्हाई." आणि उठून गेले. त्यानंतर त्यांनी पहारा घेतला नाही. आम्ही त्यांच्या घरी सणावारी जातो, ते ओट्यावर बसलेले असतात, चहा घ्या म्हणतात, तेही माझ्याकडे बघून.

मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. आमच्या गावच्या सप्ताहात दुपारचे पहारे आता बायका घेतात. दोन ते चारचा आईचा आहे. फळ्यावर तिचं नाव अजून मीच लिहिते, दर वर्षी तिला विचारून.